अडुसष्ट नव्हे, सत्तर

मापबाईंना जगात दोनच गोष्टींची चीड होती. एक म्हणजे तोलताना पारड्याला हळूच टेकणारा दुकानदाराचा अंगठा, आणि दुसरी म्हणजे ‘सगळ्यांचं तसंच असतं’ हे वाक्य. पहिल्या गोष्टीसाठी कायद्यात कलम होतं. दुसरीसाठी नव्हतं, म्हणून तिचा बंदोबस्त त्यांना जातीने करावा लागे.

वजनमापे कार्यालयात त्यांची निरीक्षक म्हणून सव्वीस वर्षं झाली होती. बाई बाजारात शिरल्या की काटे आपोआप सरळ उभे राहत. भाजीवाले घाबरून मूठभर जास्त घालत आणि बाई ती मूठ तिथल्या तिथे परत करत, कारण कमी देणं ही लबाडी असली तरी जास्त देणं ही चूकच. ‘मापबाई’ हे नाव बाजाराने ठेवलं होतं आणि ते आपल्याला ठाऊक नाही असं त्या दाखवत. मनातून मात्र त्यांना ते आवडे. दागिने काय, कुणीही घालतं.

अशा बाईंच्या हातात एका सोमवारी त्यांच्या लेकीने एक चिठ्ठी ठेवली.

लेक एकोणीस वर्षांची. लहानपणापासून एका जागी बसली म्हणून माहीत नाही, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. दोन वर्षांपासून ती ट्रॅकवर सायकल चालवत होती. ती सायकलही भिंगरीसारखीच, ना गिअर ना ब्रेक. मागचं चाक फिरतं तोवर पेडल फिरतं, आणि पेडल फिरतं तोवर पाय. मध्ये जरा पाय थांबवून वारा खावा, अशी सोयच नाही. तिच्या बाबांना, म्हणजे शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मास्तरांना, हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, “म्हणजे नोकरीच की.”

येत्या रविवारी संघनिवड होती. अकरा मुलींतून चार घेणार होते. आजवर भिंगरी क्लबच्या सायकलवर सराव करत आली होती, पण ती सायकल तिला मोठी. पेडल खाली गेलं की कंबर एका बाजूला लचके, वर आलं की गुडघा हनुवटीची विचारपूस करून जाई. शेवटी तिच्या कोचने स्वतःच्या तरुणपणची एक निळी फ्रेम तिला देऊन टाकली. भिंगरीने चाकं जमवली, हँडल जमवलं, सीट मैत्रिणीने दिली. राहिल्या दोन वस्तू. एक क्रँकसेट, म्हणजे पेडल ज्यांना लागतात ते दोन दांडे आणि त्यांच्यासोबतचं दातेरी चक्र. आणि दुसरी बॉटम ब्रॅकेट, म्हणजे फ्रेमच्या पोटातल्या नळीत बसणारा आस, ज्याच्यावर ते दांडे फिरतात.

“आई, मला सरावातून वेळ नाही. तू फक्त दुकानातून आण,” भिंगरी म्हणाली. “सगळं लिहिलंय. दांड्याची लांबी एकशे पासष्ट, दाते अठ्ठेचाळीस, नळीची रुंदी अडुसष्ट. शनिवारी जोडू, रविवारी मी पळवते.”

बाईंनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“अडुसष्ट कुणी मोजलं?”

“मोजायचं काय त्यात? सगळ्यांचं अडुसष्टच असतं.”

मास्तरांनी हातातलं वर्तमानपत्र उंच धरलं. वादळाची चाहूल लागली की माणसं खिडक्या लावून घेतात, तसं.

बाई उठल्या आणि कपाटातून आपला व्हर्नियर काढला. पहिल्या पगारातून घेतलेला, मखमली पेटीतला, मिलिमीटरचा पन्नासावा भाग दाखवणारा. ऑफिसातही व्हर्नियर होते, पण सरकारी उपकरण घरच्या कामाला लावणं बाईंच्या रक्तात नव्हतं. पेटी उघडली, आणि झाकणाच्या आतला पडताळणीचा दाखला पाहून त्यांचा चेहरा पडला. दाखल्याची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली होती.

दुसऱ्या कुणी सरळ मोजून टाकलं असतं. पण ज्या बाईने मुदत संपलेल्या काट्यापायी सख्ख्या चुलत दिराच्या दुकानाला नोटीस लावली होती आणि त्यापायी चार वर्षं त्या घरचं आमंत्रण गमावलं होतं, तिने काय करावं?

मंगळवारी बाईंनी रीतसर अर्ज केला. अर्ज नियमाप्रमाणे निरीक्षकांच्या टेबलावर गेला, म्हणजे त्यांच्याच. बाईंनी तो वाचला. ‘उपकरण कशासाठी वापरणार’ हा रकाना कोरा होता. त्यांनी लाल शाईने त्रुटी काढली आणि अर्ज अर्जदाराकडे परत धाडला. शिपायाने फाइल उचलली, टेबलाला एक वळसा घातला आणि होती तिथेच ठेवली.

“बाई, घरगुती वापराला दाखला लागतच नाही,” हेडक्लार्क काकुळतीला येऊन म्हणाले.

“लागत नाही, हे मला माहीत आहे. पण मला चालत नाही.”

कोऱ्या रकान्यात बाईंनी आधी ‘लेकीची सायकल’ असं लिहिलं, मग ते फारच घरगुती वाटलं म्हणून खोडून ‘खासगी मोजमाप’ केलं. खाडाखोडीवर अर्जदाराची सही लागते, ती केली. निरीक्षकाचीही लागते, तीही केली. मग व्हर्नियर प्रयोगशाळेत गेला. तिथल्या गृहस्थांनी सांगितलं, नियमाप्रमाणे उपकरण चोवीस तास खोलीच्या तापमानाला ठेवावं लागेल. हा नियम बाईंनीच बारा वर्षांपूर्वी भांडून लावून घेतला होता.

गुरुवारी संध्याकाळी ताज्या दाखल्यासह व्हर्नियर घरी आला. बाईंनी फ्रेम जेवणाच्या टेबलावर आडवी घातली, नळी तीन ठिकाणी मोजली आणि वहीत आकडा लिहिला. सत्तर पूर्णांक तीन दशांश.

“साधारण अडुसष्टच की,” मास्तर म्हणाले.

“दोन मिलिमीटर जास्त आहेत.”

“अगं, आमच्यात एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलोमीटर. दोन मिलिमीटरचं काय घेऊन बसलीस?”

“तुमच्या हिशेबाने ते दोन किलोमीटर झाले. तेवढं अंतर चुकून कुणी रविवारी ट्रॅकवर पोचेल का, सांगा.”

मास्तर पुन्हा वर्तमानपत्रामागे गेले.

इतक्यात वरच्या मजल्यावरचे काका आले. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. इमारतीत कुठेही स्क्रू पडला की त्याचा आवाज त्यांना वर ऐकू जाई. त्यांनी फ्रेमला एक प्रदक्षिणा घातली आणि निदान केलं, “रंग. ताई, माझं ऐका, हे सगळं रंगाचं पाप आहे. एक थर, दुसरा थर, तिसरा थर. खरवडा, आतून अडुसष्ट निघेल.”

बाईंना ते पटलं नव्हतं. पण आक्षेप आला की तपासायचा, ही त्यांची शिस्त. पॉलिश कागद आला. काका एका बाजूने आणि मास्तर दुसऱ्या बाजूने खरवडू लागले. नळीच्या कडेवरचा रंग निघायला पाच मिनिटं लागली. पण काकांना हाताला काम मिळून फार दिवस झाले होते. थांबवेपर्यंत त्यांनी वीतभर फ्रेम लख्ख उघडी केली होती. निळ्या सायकलला पोटाशी चांदीचा पट्टा आला. माप सत्तर पूर्णांक शून्य.

शुक्रवारी बाईंनी अर्धी रजा टाकली. दाराला कुलूप लावत होत्या, तोच समोरच्या वहिनींनी दार उघडलं. वहिनी शाळेत विज्ञान शिकवत. “उकाडा केवढा आहे,” त्या म्हणाल्या. “धातू प्रसरण पावणारच. गार करून मोजलंत का?”

वीस अंशांच्या फरकाने या लोखंडात मिलिमीटरचा जेमतेम साठावा भाग फरक पडेल, हे बाईंनी तिथेच मनात काढलं. तरीपण आक्षेप तो आक्षेप. घरात परत येऊन त्यांनी फ्रिजचे दोन कप्पे काढले, दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि फ्रेम पोटाकडून आत सारली. दार लागेना. मग वहिनींनी दाराला खुर्ची लावली आणि खुर्चीवर मास्तरांचा नकाशांचा गठ्ठा ठेवला.

दोन-तीन तासांनी सरावाहून भुकेलेली भिंगरी आली, खुर्ची ओढली, फ्रिज उघडला आणि उभीच राहिली.

“आई, माझी सायकल फ्रिजमध्ये का आहे?”

“तापमानाचा आक्षेप आला होता.”

भिंगरी हसली नाही, चिडलीही नाही, आणि तेच वाईट झालं. ओट्यावरचं नासलेलं दूध तिने मोरीत ओतलं, पातेलं विसळलं आणि पाठमोरीच म्हणाली, “आई, मी रविवारी क्लबच्या सायकलवरच बसते. तू नको दमूस.”

सव्वीस वर्षांत बाईंना व्यापाऱ्यांनी शिव्या दिल्या होत्या, एकाने तराजू फेकून मारला होता, एका पुढाऱ्याने बदलीची धमकी दिली होती. त्यातलं काही त्यांना लागलं नव्हतं. ‘तू नको दमूस’ हे मात्र लागलं. लेकीने आयुष्यात एक काम सांगितलं होतं. घरातली कामं मुलींनी न सांगताच आईकडून होतात. हे तिने मागून घातलेलं काम होतं, आणि आता ते ती हळूच परत घेत होती.

बाईंनी फ्रेम बाहेर काढली आणि मोजली. सत्तर पूर्णांक शून्य. व्हर्नियर पर्समध्ये टाकून त्या निघाल्या. मास्तर, शाळा सुटलेली असल्याने, मागोमाग.

सायकलच्या मोठ्या दुकानात त्यांना पाहताच मालक उठून उभा राहिला. “मॅडम, मी कागद आत्ता दाखवतो,” असं म्हणत त्याने हवेच्या पंपाचा दाखला, पार्सलच्या काट्याचा दाखला आणि भांबावून स्वतःच्या लग्नाचा दाखलासुद्धा काउंटरवर मांडला. बाई गिऱ्हाईक म्हणून आल्यात हे कळल्यावर तर त्याला जास्तच घाम फुटला.

एकशे पासष्टचे म्हणून त्याने अकरा क्रँकसेट काढले. बाईंनी अकराही मोजले, आसाच्या भोकाच्या मध्यापासून पेडलच्या भोकाच्या मध्यापर्यंत. नऊ बरोबर निघाले. एक अर्ध्या मिलिमीटरने चुकलेला. आणि सगळ्यात चकचकीत खोक्यातला, जो मालक पहिल्यापासून पुढे सरकवत होता, तो निघाला एकशे साडेसदुसष्ट.

“खोक्यांची अदलाबदल झाली असेल,” मालक म्हणाला. “पण मॅडम, अडीच मिलिमीटरने काय होतंय?”

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने खोका उचलून काउंटरखाली ठेवला.

मग दाते. बाईंनी मोजले अठ्ठेचाळीस, मास्तरांनी सत्तेचाळीस. पुन्हा मोजले. बाईंचे अठ्ठेचाळीस, मास्तरांचे एकोणपन्नास. तिसऱ्या फेरीला बाईंनी पहिल्या दात्याला सुतळीचा तुकडा बांधून दिला, आणि मास्तरांनी निमूटपणे अठ्ठेचाळीस मान्य केले. क्रँकसेट ठरला. साधा, काळा, खोक्यावर लिहिलं तेवढाच लांब.

“आणि बॉटम ब्रॅकेट. सत्तरचा.”

“सत्तर कुठे असतं, मॅडम? सगळ्यांचं—”

“पुढे बोलू नका,” मास्तर घाईने म्हणाले. “तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.”

मालक विचारात पडला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, “जुन्या गिरणीच्या मागे एक मिस्त्री आहेत. लांबलांबच्या जुन्या सायकलींचं सामान असतं त्यांच्याकडे. त्यांच्या दुकानात काटाच नाही, म्हणून तुमची त्यांची गाठ पडली नसेल.”

शनिवारी सकाळी बाई मिस्त्रींकडे पोचल्या. दुकान म्हणजे एक दार आणि एक बाकडं. मिस्त्री सत्तरीच्या पुढचे, बोटं काळी, नजर स्वच्छ. बाईंनी सांगितलं, नळी सत्तर मिलिमीटर आहे. मिस्त्रींनी ‘नक्की?’ असं विचारलं नाही. ‘सगळ्यांचं’ वगैरेही काही म्हणाले नाहीत. “असेल,” म्हणाले आणि मागच्या फळीवरचा बिस्किटाचा डबा काढून त्यातून तेलकट कागदात गुंडाळलेला आस, नळीच्या दोन्ही टोकांना फिरवून बसवायचे आटेवाले कप आणि छर्रे काढून दिले. “बसवता येईल?” त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “येईल.” आपला आकडा कुणीतरी पहिल्या झटक्यात मान्य केला, या आनंदात त्या पुढचं काही ऐकायला थांबल्याच नाहीत.

घरी येऊन त्यांनी टेबलावर फ्रेम घातली. भिंगरी सरावाला गेली होती. जाताना फ्रेमकडे तिने पाहिलंही नव्हतं. वरचे काका पान्यासकट हजर झाले.

“आधी उजवा कप,” काका म्हणाले. “आणि लक्षात ठेवा, उजवी बाजू उलटी फिरते. सायकलचा पहिला धडा.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. आदल्या दिवशी दुकानातल्या माहितीपत्रकातही त्यांनी तेच वाचलं होतं.

बाईंनी उलटा फिरवला. कप फिरला, टक् असं वाजला आणि होता तिथेच राहिला. पुन्हा फिरवला, पुन्हा टक्. मास्तरांनी फिरवला. काकांनी बाह्या सावरून, टेबलाला गुडघा लावून फिरवला. समोरच्या वहिनी तेलाची बाटली घेऊन आल्या. तेल नळीत कमी आणि टेबलक्लॉथवर जास्त गेलं. चौघांनी पाळीपाळीने दीड तास कप फिरवला. कप वेड्या पाहुण्यासारखा दाराशीच घुटमळत राहिला, काही केल्या आत येईना.

दाराशी भिंगरी केव्हा येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नाही.

“आई, सरळ फिरवून बघितलंस का?”

“सरळ कशाला? उजवी उलटीच असते.” बाईंनी घाम पुसला. “सगळ्यांची तशीच असते.”

मास्तरांनी वर्तमानपत्रही शोधलं नाही, इतका तो क्षण त्यांना मोलाचा वाटला. बाई मात्र आपण काय बोललो ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्यांनी कप कागदात गुंडाळला आणि ठणकावून सांगितलं, “कप सदोष आहे. मी मिस्त्रींना नोटीस देणार आहे.”

चार वाजता ती वरात गिरणीमागच्या दुकानी पोचली. पुढे बाई, मागे फ्रेम खांद्यावर घेतलेली भिंगरी, तिच्यामागे चाकं आणि बाकीचं सामान धरलेले मास्तर. बाईंनी पहाडी आवाजात सुरुवात केली. विक्रेता, सदोष वस्तू, खुलासा. मिस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग फ्रेम मांडीवर घेतली, कप तोंडाशी धरला आणि दोन बोटांनी सरळ दिशेला फिरवला.

कप आत गेला. लोण्यात सुरी जावी तसा, पार शेवटपर्यंत.

“सत्तरवालीच्या दोन्ही बाजू सरळच फिरतात, बाई,” मिस्त्री म्हणाले. “उजवी उलटी असते ती अडुसष्टवालीची. तुम्ही सकाळी सत्तर म्हणालात, मी मनात म्हटलं, मोजणारं माणूस आहे. मग नियम अडुसष्टचा कशाला लावलात?”

खुलासा मागायला आलेल्या बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सव्वीस वर्षं समोरच्यांच्या कानांना आपण जे केलं ते काय असतं, ते त्यांना आत्ता कळलं. भिंगरीकडे बघायची त्यांची छाती होईना. पण बघितल्याशिवाय राहवेना, म्हणून बघितलं.

भिंगरी हसत होती. कुत्सित नाही. लहानपणी अंधारात घाबरून शेवटी आईच्या पांघरुणात शिरल्यावर हसायची, तसं.

“पण आई, माप तुझंच बरोबर होतं,” ती म्हणाली. “मी अडुसष्टचा आणला असता, तर तो पलीकडे पोचलाच नसता.”

“दोन मिलिमीटर कमी पडला असता,” बाई म्हणाल्या. “आणि जाडीतही.”

मिस्त्रींनी पाना त्यांच्या पुढे केला. “डावी बाजू तुम्ही लावा. मोजणाऱ्याने घट्ट किती करायचं तेही शिकावं. आस गरगर फिरला पाहिजे, पण हलता कामा नये. तिथे व्हर्नियर चालत नाही, बोटाला कळतं.”

बाईंनी पर्स खाली ठेवली. भिंगरीने फ्रेम धरली. कप कसला, आस अडला. सैल केला, आस डुगडुगला. पुन्हा कसला. मिस्त्री चहा पीत दुसरीकडे बघत बसले, ही त्यांची मोठी कृपा. सातव्या की आठव्या खेपेला आस आवाज न करता फिरला आणि बाईंच्या बोटाला ते कळलं. आकडा नव्हता, दाखला नव्हता, तरी कळलं. त्यांनी वर पाहिलं तर भिंगरीने मान हलवली. तिच्याही बोटाला कळलं होतं. उजेड असतानाच क्रँक चढले, साखळी लागली, आणि ती चांदीच्या पट्ट्याची निळी सायकल बाकड्यासमोर आपल्या पायावर उभी राहिली.

रविवारी ट्रॅकच्या कठड्याला घर एका रांगेत उभं होतं. काका दुर्बीण घेऊन आले होते, वहिनी लिंबाचं पाणी. वळणांवर ट्रॅकचा उतार असा, की भिंतच अर्धवट आडवी करून ठेवली आहे. एकेक मुलगी एकटीच घड्याळाशी शर्यत लावून सायकल पळवत होती. चौथ्या मुलीचं पेडल वरच्या वळणावर खर्रकन घासलं, तिचा तोल गेला आणि सावरला, पण वेळ गेला. बाईंच्या शेजारी एक पालक हळहळले, “दांडा जरा लांब पडला तिला.” बाईंना काउंटरखाली गेलेला खोका आठवला. त्यांनी पदर नीट केला.

भिंगरी सातवी. निघाली तेव्हा कंबर कुठे लचकली नाही, गुडघा कुणाच्या हनुवटीला गेला नाही. वळणावर पेडल ट्रॅकच्या बोटभर वरून गेलं. एका फेरीत, दुसऱ्या फेरीत, तिसऱ्या फेरीत तेवढंच बोट. पाय दिसेनासे झाले, नुसतं काळं वर्तुळ दिसायला लागलं. मास्तर “पळ पळ” म्हणत होते. बाई ऐकत होत्या. आस वाजत नव्हता.

निकाल लागला. भिंगरी तिसरी. संघाबाहेर राहिलेल्या पाचव्या मुलीपेक्षा सहा दशांश सेकंदाने पुढे. मास्तरांनी बायकोकडे भीतभीत पाहिलं. “आता त्यांच्या घड्याळाचा दाखला विचारू नकोस,” ते म्हणाले.

“विचारायची गरज नाही. बटण दाबायला अंगठा फार तर दोन दशांश चुकतो,” बाई म्हणाल्या. “ते वजा करून पाहिलं मी. तरीही चार दशांशाने पुढे आहे.” आणि मग त्यांनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांना नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. किती, ते कुणी मोजलं नाही.

कोच सायकल हातात धरून कठड्याशी आले. त्यांनी क्रँक उलटसुलट फिरवला, आसाला कान लावला, चांदीच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. “माझ्याकडे असताना ही इतकी गपचूप कधी फिरली नाही,” ते म्हणाले. “कुणी बसवलं हे?”

“माझ्या आईने,” घामाने निथळत भिंगरी म्हणाली, आसपासच्या दहा जणांना ऐकू जाईल अशी.

मापबाईंनी मान ताठ केली. नोंद चुकीची राहू देणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

“उजवी बाजू मिस्त्रींनी,” त्या म्हणाल्या. “डावी मी.”